विणकराचा अधिकार : युरोपीय टॅपेस्ट्रीचा उदय, ऱ्हास आणि फेरविचार

प्रचलित समज आणि प्रतिपादन

टॅपेस्ट्री किंवा चित्रजवनिका म्हणजे लोकर, रेशीम आणि जर यांच्या रंगीत धाग्यांनी मागावर विणलेले भिंतीएवढे चित्र. १४व्या शतकापासून १८व्या शतकापर्यंत युरोपातील राजवाडे, चर्च आणि नगरसभागृहे यांत तिला मानाचे स्थान होते. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र आज तिची नोंद बहुधा 'शोभेच्या कला' या सदरात, फर्निचर आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या शेजारी होते. या वर्गवारीमागे दोन समज आहेत. टॅपेस्ट्री ही चित्रकाराच्या चित्राची धाग्यांत उतरवलेली नक्कल आहे, म्हणून ती दुय्यम, हा पहिला. दगडी वाड्यांतील थंडी अडवण्यासाठी टांगलेले ते जाड पडदे होते, म्हणून त्यांवरचे चित्र हा केवळ वरचा साज, हा दुसरा.

दोन्ही समज वरवरचे आहेत. सुमारे तीन शतके टॅपेस्ट्री ही युरोपातील सर्वांत खर्चिक आणि सर्वांत प्रतिष्ठित दृश्यकलांपैकी एक होती. तिचे बळ मागावर बसलेल्या विणकराच्या निर्णयाधिकारात होते: कोणता रंग कोठे थांबवायचा, छटा कशी फिरवायची, आराखड्यात नसलेले काय भरायचे, हे तो ठरवत असे. १८व्या शतकात हा अधिकार पद्धतशीरपणे काढून घेण्यात आला आणि त्यानंतर टॅपेस्ट्री खरोखरच नक्कल होऊन बसली. 'नक्कल' हा शेरा तिच्या उतरत्या काळाला लागू पडतो. तो तिच्या संपूर्ण इतिहासावर मारला गेला, ही मूळ चूक आहे.

१. वीण : चित्र आणि कापड एकाच वेळी

टॅपेस्ट्रीत ताणा आणि बाणा यांची कामे अगदी वेगळी असतात. ताणा बहुधा न रंगवलेल्या, घट्ट पिळाच्या लोकरीचा असतो. विणून झाल्यावर तो पूर्ण झाकला जातो. त्याचे अस्तित्व पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांपुरते जाणवते. रंग सगळा बाण्यात. साध्या कापडात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत तो आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाऊन परत फिरतो. लाल झग्याच्या जागेत लाल कांडी, शेजारच्या पानात हिरवी, त्यापलीकडे निळी, अशा अनेक कांड्या एकाच ओळीत खेळवाव्या लागतात. पैठणीचे काठ आणि पदर याच तत्त्वावर विणले जातात. फरक एवढाच, की पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे सीमेवर एकमेकांत अडकवतात, तर फ्लेमिश टॅपेस्ट्रीत तेथे बहुधा फट राहू देतात आणि ती मागाहून शिवतात.

या रचनेतून पुढचे सगळे निघते. येथे आधी कापड आणि मग त्यावर चित्र असा क्रम नाही. कापड तयार होते तेव्हाच चित्र तयार होते. म्हणूनच ११व्या शतकातील बायो येथील सुमारे ७० मीटर लांबीचे सुप्रसिद्ध वस्त्र, जगभर 'टॅपेस्ट्री' म्हणून ओळखले जात असले, तरी तांत्रिकदृष्ट्या टॅपेस्ट्री नाही. ते लिननच्या तयार कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे. भरतकाम उसवून पुन्हा करता येते, रंगाच्या चित्रात एका थरावर दुसरा थर चढवता येतो. मागावर मात्र प्रत्येक इंच विणला की तो पक्का. विणलेला भाग रुळावर गुंडाळला जातो आणि दृष्टीआड होतो. विणकर पाठीमागून काम करतो आणि त्याच्यासमोर फक्त चालू पट्टा असतो. संपूर्ण प्रतिमा माग उतरवल्यावरच पहिल्यांदा दिसते.

शिवाय बहुतेक मोठ्या टॅपेस्ट्री आडव्या विणल्या जात. भिंतीवर टांगल्यावर ताण्याचे धागे जमिनीला समांतर राहत. माणसे, झाडे, घोडे मागावर आडवे होऊन एका कुशीवरून वाढत जात. उभ्या मागावर आराखड्याच्या रेषा ताण्यावर उमटवून घेत. आडव्या मागावर आराखडा ताण्याखाली ठेवत, त्यामुळे विणलेले चित्र मूळ आराखड्याच्या उलट, आरशातल्यासारखे होई. अशा स्थितीत काम करणारा माणूस यंत्रवत उतरवून घेऊच शकत नाही. त्याला पुढचे चित्र मनात धरावे लागते.

छटा फिरवण्याची रीतही विणीतूनच आली. रंगाच्या चित्रात दोन रंग एकमेकांत मिसळतात. धागे मिसळत नाहीत. म्हणून विणकर गडद रंगाच्या टोकदार रेघा फिक्या रंगाच्या हद्दीत घुसवतो आणि फिक्याच्या गडदात. दातांत दात अडकावेत तशी ही वीण जवळून पट्ट्यापट्ट्यांची दिसते. काही पावले मागे गेले की त्यातून घडी पडलेले वस्त्र किंवा गोलाई आलेला गाल उभा राहतो. उजळ जागी रेशीम, सर्वांत उजळ जागी सोन्याची जर, आणि बाकी लोकर, अशी वाटणीही विणकरच साधत असे. रेशीम प्रकाश परत फेकते, लोकर तो शोषून घेते. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात याचा परिणाम काय होत असेल, हे दिव्यांच्या स्थिर प्रकाशात टांगलेल्या टॅपेस्ट्रीवरून पुरते कळत नाही.

रंगांचा संच छोटा होता. लाल मॅडरच्या मुळांतून येई, ही वनस्पती आपल्याकडच्या मंजिष्ठेच्या कुळातील. पिवळा वेल्डपासून आणि निळा वोडच्या पानांपासून. वोडमधले रंगद्रव्य आणि भारतीय निळीतले रंगद्रव्य एकच. हिरव्यासाठी निळ्यावर पिवळा चढवत. न्यूयॉर्कच्या 'क्लॉइस्टर्स' संग्रहालयातील युनिकॉर्नच्या शिकारीच्या सात टॅपेस्ट्री (सुमारे १४९५ ते १५०५) याच तीन वनस्पतींच्या रंगांवर उभ्या आहेत. त्यांत शंभराहून अधिक प्रकारच्या वनस्पती विणलेल्या आहेत आणि त्यांपैकी ८५ अभ्यासकांनी ओळखल्या आहेत. तीन मूळ रंगांतून एवढे वैविध्य उभे करणे हे आराखडा गिरवणाऱ्या हाताचे काम नाही.

२. किंमत : समकालीनांचा कौल

एखाद्या काळात कोणत्या कलेला काय मान होता, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा हिशेबांच्या वह्यांत सापडतो. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याने १४४९ मध्ये तूर्ने येथील व्यापाऱ्यांकडे गिडियनच्या कथेवरील आठ टॅपेस्ट्रींची मागणी नोंदवली. ठरलेली रक्कम ८,९६० सुवर्ण एक्यू होती. दुसऱ्या कोणाला तसाच संच विणवता येऊ नये म्हणून ड्यूकने आराखडेही स्वतःकडे घेतले.

पोप दहावा लिओ याने १५१५ मध्ये सिस्टाइन चॅपेलच्या खालच्या भिंतींसाठी राफाएलकडून 'ॲक्ट्स ऑफ द अपॉसल्स' या मालिकेचे आराखडे करवून घेतले. ब्रसेल्समधील पीटर व्हान आल्स्ट याच्या कार्यशाळेत त्यांवरून दहा टॅपेस्ट्री विणल्या गेल्या. राफाएलला आराखड्यांसाठी सुमारे १,००० डकॅट मिळाले. विणकामाचा खर्च १५,००० डकॅटच्या घरात गेला. त्याच चॅपेलचे छत रंगवण्यासाठी मायकेलअँजेलोला मिळालेल्या रकमेच्या सुमारे पाचपट हा आकडा आहे. आज लाखो लोक तेथे जातात आणि मान वर करून छत पाहतात. पोपच्या दृष्टीने मात्र अधिक मोलाचा ऐवज छताखालच्या भिंतींसाठी होता.

इंग्लंडचा आठवा हेन्री १५४७ मध्ये वारला तेव्हा झालेल्या मोजदादीत त्याच्याकडे दोन हजारांहून अधिक टॅपेस्ट्री निघाल्या. त्यांपैकी अब्राहमच्या कथेवरील दहा टॅपेस्ट्रींचा ब्रसेल्सचा संच आजही हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहे. पहिल्या चार्ल्सच्या वधानंतर इंग्लंडच्या लोकसत्ताक राजवटीने राजाचा ऐवज विक्रीला काढला, त्या वेळी या संचाची किंमत ८,२६० पौंड ठरली. त्याच यादीत राफाएलच्या मूळ आराखड्यांपुढे ३०० पौंड लिहिलेले आहेत. हे आराखडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे भूषण आहेत. ते मागाखाली घालता यावेत म्हणून त्या काळी पट्ट्यापट्ट्यांत कापले गेले होते, यावरूनही त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई ते कळते. त्यांना कामाचे साधन मानत. पूर्ण झालेली कृती म्हणजे टॅपेस्ट्री.

केवळ सोन्यारेशमामुळे ही किंमत येत नव्हती, हे मजुरीच्या मोठ्या वाट्यावरून दिसते. आधुनिक काळातला दाखला बोलका आहे. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग किल्ल्यासाठी युनिकॉर्न मालिका पुन्हा विणण्याचे काम २१व्या शतकाच्या आरंभी हाती घेण्यात आले. वीण मूळपेक्षा जाड ठेवूनही सात टॅपेस्ट्री पूर्ण व्हायला दहाहून अधिक वर्षे लागली.

३. आराखडा कोणाचा, कृती कोणाची

टॅपेस्ट्री एका माणसाची कृती नसते. फ्रान्समधील आँजे येथील 'अपोकॅलिप्स' ही जपून राहिलेली सर्वांत मोठी मध्ययुगीन मालिका याचे उत्तम उदाहरण आहे. आँजूचा ड्यूक पहिला लुई याने ती १३७०च्या दशकात करवून घेतली. राजाचा चित्रकार जाँ बाँदोल याने रेखाचित्रे केली. त्यासाठी राजा पाचवा चार्ल्स याच्या ग्रंथालयातील सचित्र हस्तलिखित उसने आणले गेले. पॅरिसचा व्यापारी निकोला बाताय याने पैसा, माल आणि कारागीर यांची जुळवाजुळव केली. मूळ लांबी सुमारे १४० मीटर आणि त्यांत ९० दृश्ये होती. आज शंभर मीटरांच्या आसपास शिल्लक आहे. हस्तलिखितातील तळहाताएवढी चित्रे माणसाच्या उंचीहून मोठी होताना जे बदल झाले, त्यांत चित्रकाराचा जेवढा वाटा आहे तेवढाच विणकरांचा. या मालिकेची मागची बाजूही पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ विणलेली आहे.

अधिकारांची ही वाटणी केवळ रूढीने चालत नव्हती, तिला कायद्याचाही आधार होता. ब्रसेल्समध्ये १४७६ मध्ये चित्रकारांचा संघ आणि टॅपेस्ट्री विणकर यांच्यात तंटा झाला. तोडग्यानुसार वस्त्रांवरची नक्षी, झाडे, गवत, पक्षी आणि प्राणी विणकरांनी स्वतः रेखावेत, याला मान्यता मिळाली. बाकी रचनांसाठी चित्रकाराकडे जाणे सक्तीचे झाले. तंटा झाला याचाच अर्थ विणकर स्वतः रचना करत होते आणि चित्रकारांना त्याची झळ पोहोचत होती. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातील 'लेडी अँड द युनिकॉर्न' (सुमारे १५००) या सहा टॅपेस्ट्रींत लाल पार्श्वभूमीवर विखुरलेली फुले, ससे आणि पक्षी पाहणाऱ्याला आधी खेचून घेतात. मानवी आकृती चित्रकाराच्या. त्यांना श्वास घ्यायला जागा देणारी ती फुलबाग मागाच्या परंपरेतली.

राफाएलसारख्या चित्रकाराचा आराखडा समोर असतानाही ब्रसेल्सच्या विणकरांनी हा अधिकार सोडला नाही. ख्रिस्त पीटरकडे आपल्या अनुयायांची जबाबदारी सोपवतो त्या प्रसंगात राफाएलने ख्रिस्ताला साधे पांढरे वस्त्र दिले होते. व्हॅटिकनमधील टॅपेस्ट्रीत तेच वस्त्र सोन्याच्या चांदण्यांसारख्या नक्षीने भरले आहे. कारण मागाच्या गणितात आहे: एवढा मोठा पांढरा पट्टा विणीत निर्जीव दिसतो, जरीची नक्षी आली की तो उजेडात हलू लागतो. बंदिश एकच असली तरी गायकागणिक तिचे रूप वेगळे होते आणि श्रोते त्या गाण्यालाच दाद देतात. आराखडा आणि टॅपेस्ट्री यांचे नाते याच जातीचे आहे.

४. हलती भिंत : सत्तेचे साधन

टॅपेस्ट्रीला राजाश्रय मिळाला तो ती गुंडाळून नेता येत होती म्हणून. युरोपचे राजे आणि सरदार सतत फिरतीवर असत. भित्तिचित्र एका भिंतीला बांधलेले. टॅपेस्ट्री गाडीत घालून नेली की परक्या गावातील रिकाम्या दालनाचा तासाभरात दरबार होई. लग्न, तह, राज्याभिषेक, धार्मिक मिरवणूक अशा प्रसंगीच उत्तम संच बाहेर काढत. सिस्टाइनचा संचही सणावारालाच लावला जाई.

सम्राट पाचवा चार्ल्स याने १५३५च्या ट्यूनिस मोहिमेत यान कॉर्नेलिस फर्मेयन या चित्रकाराला सोबत नेले. त्याच्या रेखाटनांवरून ब्रसेल्सच्या विलेम दे पानेमाकर याने बारा भव्य टॅपेस्ट्री विणल्या. करार १५४८ चा, पूर्तता १५५४ मधली. रेशीम ग्रानादाहून आणलेले. त्याच वर्षी युवराज फिलिप आणि इंग्लंडची मेरी यांच्या विवाहानिमित्त त्या इंग्लंडमध्ये मांडल्या गेल्या. वराच्या घराण्याचे सामर्थ्य इंग्लिश दरबाराला दाखवण्याचा तो सरळ मार्ग होता.

पश्चिम भारताचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो याच काळात. पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द काश्त्रू याने १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडला आणि पुढच्या वर्षी रोमन विजेत्याच्या थाटात गोव्यात प्रवेश केला. या विजयावर आणि गोव्यातील मिरवणुकीवर ब्रसेल्समध्ये दहा टॅपेस्ट्री विणल्या गेल्या. त्या आता व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहेत. त्यांत दिसतो तो पोर्तुगीजांना हवा असलेला गोवा. इतिहासाची साधने म्हणून त्या वाचताना हे ध्यानात ठेवावेच लागते. पण मांडवीकाठची घटना युरोपच्या दरबारात मांडायला सर्वांत योग्य माध्यम म्हणून टॅपेस्ट्री निवडली गेली, हे त्या माध्यमाच्या वजनाचे गमक आहे.

स्पॅनिश आरमाराच्या पराभवावर डेल्फ्ट येथे फ्रान्सिस स्पिरिंग याने विणलेला दहा टॅपेस्ट्रींचा संच लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दीर्घकाळ टांगलेला होता. १८३४च्या आगीत तो जळाला. कायदे करणाऱ्या सभेला राष्ट्राच्या विजयाची आठवण देणारी भिंत विणलेली असावी, यात तेव्हा कोणाला वावगे वाटले नाही.

५. अधिकार कसा गेला

ऱ्हासाचे खापर बहुधा राफाएलवर फोडले जाते. त्याच्या आराखड्यांनी टॅपेस्ट्रीत खोली, छायाप्रकाश आणि भव्य मानवी आकृती आणल्या. त्यामुळे सपाट, फुलांनी भरलेली मध्ययुगीन शैली मागे पडली आणि टॅपेस्ट्री चित्राच्या मागे धावू लागली, असा हा युक्तिवाद आहे. १९व्या शतकात इंग्रज कलावंत विल्यम मॉरिस आणि २०व्या शतकात फ्रेंच कलावंत जाँ ल्युर्सा यांच्या विचारांतून तो लोकप्रिय झाला. तोही पुरेसा खोल नाही. राफाएलनंतरच्या अर्धशतकात ब्रसेल्सच्या मागांवर अब्राहम आणि ट्यूनिस या मालिका निघाल्या. खोली आणि छायाप्रकाश विणकरांनी पेलला, कारण तो कसा पेलायचा हे ठरवण्याची मुभा त्यांना होती. दोष शैलीचा असता तर हा बहर आलाच नसता.

बदल घडला तो कामाच्या व्यवस्थेत. त्याचे तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा केंद्रीकरणाचा. १६६२ मध्ये मंत्री कोल्बेर याने चौदाव्या लुईसाठी पॅरिसमध्ये गोबेलँ येथे कार्यशाळा एकत्र आणल्या आणि चित्रकार शार्ल ल ब्रँ याच्या हाती सूत्रे दिली. राजाच्या कारकिर्दीवरील 'इस्त्वार द्यू र्‍वा' ही मालिका तेथलीच. गुणवत्ता उच्च होती, पण शब्द चित्रकाराचा अंतिम ठरू लागला. त्याआधी, १६४८ मध्ये, पॅरिसमध्ये चित्रकला आणि शिल्पकलेची राजमान्य अकादमी स्थापन झाली होती. तिने बुद्धीची कला आणि हाताचे कसब यांच्यात भिंत घातली. विणकर त्या भिंतीच्या पलीकडे पडला.

दुसरा टप्पा हुकमाचा. चित्रकार जाँ-बातिस्त उद्री याची १७३०च्या दशकात बोव्हे आणि गोबेलँ या दोन्ही कारखान्यांत अधिकारपदी नेमणूक झाली. टॅपेस्ट्रीने चित्रातील प्रत्येक छटा जशीच्या तशी उतरवावी, असा त्याचा आग्रह होता. कार्यशाळांच्या प्रमुखांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे व्यवसायाच्या अनुभवातून आलेले होते: रंगाचे चित्र जुने होताना जसे बदलते तसा धागा बदलत नाही, नाजूक मधल्या छटा उजेडात आधी उडतात, म्हणून टॅपेस्ट्रीची स्वतःची, अधिक ठाम रंगयोजना असते. त्यांचे चालले नाही. काळाने मात्र त्यांचीच बाजू खरी ठरवली. त्या काळच्या अनेक टॅपेस्ट्रींत त्वचेच्या आणि आकाशाच्या तलम छटा विटून सपाट झाल्या, तर त्यांच्याहून जुन्या टॅपेस्ट्रींचे लाल आणि निळे टिकून राहिले.

तिसरा टप्पा आत्मविस्मृतीचा. १७६०च्या दशकात गोबेलँमध्ये इंग्लंडच्या क्रूम कोर्ट वाड्यासाठी एक संपूर्ण खोली विणली गेली. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. भिंतीवर किरमिजी दमास्क कापड आहे आणि त्यावर सोनेरी चौकटींत चित्रकार बूशे याची लंबगोल चित्रे टांगली आहेत, असा देखावा तिच्यात आहे. कापडही विणलेले, चौकटही विणलेली आणि चौकटीतले चित्रही विणलेले. कारागिरी थक्क करणारी आहे; पण भिंत व्यापणारी कला येथे भिंतीवर टांगलेल्या छोट्या चित्राचे सोंग घेते. माद्रिदमध्ये गोयाने १७७५ ते १७९२ या काळात शाही कारखान्यासाठी ६३ आराखडे रंगवले. त्यांपैकी आंधळ्या गिटारवादकाचा आराखडा विणकरांनी विणायला अवघड म्हणून परत पाठवला आणि गोयाला तो बदलावा लागला. चित्र आणि माग यांच्यातील संवाद किती तुटला होता, हे त्यावरून दिसते.

१९व्या शतकात ही वाट टोकाला पोहोचली. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल १८२४ मध्ये गोबेलँच्या रंगविभागाचा प्रमुख झाला. काळा रंग फिका दिसतो, या तक्रारीचा शोध घेताना त्याला आढळले की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. जवळजवळचे रंग एकमेकांचे रूप बदलतात. १८३९ मध्ये त्याने हा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला आणि पुढच्या चित्रकारांवर त्याचा खोल परिणाम झाला. मागच्या पिढ्यांतील विणकर ज्या जाणिवेने दोन छटा शेजारी ठेवत, तिचेच हे शास्त्र होते. पण शेव्हरलच्या वर्गीकरणात १४,००० हून अधिक छटा बसल्या आणि चित्राची हुबेहूब नक्कल करण्याची हाव आणखी वाढली. विणकराकडून पारख गेली, त्याच्याकडे क्रमांक लावलेल्या कांड्या उरल्या.

६. समज का रुजला

दुय्यमतेचा समज रुजण्यास आणखी एक कारण झाले: उत्तम टॅपेस्ट्री फार थोड्या उरल्या. जरीतले सोने हाच त्यांचा शत्रू ठरला. १७९७ मध्ये फ्रान्सच्या सरकारने राजसंग्रहातील जरीच्या टॅपेस्ट्री जाळून धातू काढून घेतला. आँजेची मालिका फ्रेंच क्रांतीच्या काळात तुकडे करून तबेल्यात आणि संत्र्याची झाडे थंडीपासून झाकायला वापरली गेली. १९व्या शतकाच्या मध्यास एका धर्माधिकाऱ्याने ते तुकडे शोधून पुन्हा जोडले. गिडियनचा संच नाहीसा झाला. युनिकॉर्न मालिकेचे वस्त्र काही काळ बटाटे झाकायला वापरले जात होते.

उरले त्याचे रंग बदलले. हिरव्यातला पिवळा उडाला आणि निळा राहिला, म्हणून जुन्या टॅपेस्ट्रींतील झाडी आज निळसर दिसते. पुष्कळांना हीच त्यांची मूळ सौम्य शोभा वाटते. मागची बाजू उलटून पाहिली तर उजेड न लागलेले भडक, जिवंत रंग दिसतात. विटलेले, आक्रसलेले, मूळ जागेवरून हललेले अवशेष पाहून सगळ्या कलेविषयी मत बनवले गेले, आणि नेमक्या त्याच काळात संग्रहालयांनी चित्र वेगळ्या दालनात आणि टॅपेस्ट्री वेगळ्या दालनात, अशी वाटणी कायम केली.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा, की एकाच आराखड्यावरून अनेक संच निघत. 'ॲक्ट्स ऑफ द अपॉसल्स' ब्रसेल्समध्ये पुन्हा विणली गेली, इंग्लंडमध्ये १६१९ मध्ये स्थापन झालेल्या मॉर्टलेकच्या कारखान्यातही विणली गेली. मग त्यांत मौलिकता कसली? पण ब्राँझची ओतीव शिल्पे आणि छापचित्रे यांच्याही अनेक प्रती निघतात आणि त्यांना कोणी दुय्यम म्हणत नाही. शिवाय हे संच एकसारखे नसत. काठ, रंगयोजना, जरीचे प्रमाण कार्यशाळेगणिक बदले. पुनर्विणकाम म्हणजे दर वेळी नव्याने घेतलेले हजारो निर्णय.

दुसरा आक्षेप उबेचा. टॅपेस्ट्रीने खोली थोडी उबदार होत असेल, हे खरे. पण उबेसाठी साधी जाड लोकर पुरत होती आणि ती स्वस्तही होती. सोन्याची जर थंडी अडवत नाही. सर्वांत मोलाचे संच तर एरवी गुंडाळून ठेवलेले असत; थंडी सणाची वाट पाहत नाही. उपयोगाने किंमत ठरत असती तर हिशेबातील ते आकडे अशक्य होते.

तिसरा आक्षेप कल्पकतेचा: कल्पना चित्रकाराची, विणकर केवळ हात. या आक्षेपात कल्पना आणि घडवणे हे वेगळे करता येतात असे आधीच गृहीत धरले आहे आणि हे गृहीत अकादमीने घालून दिलेले आहे. ख्रिस्ताच्या वस्त्रावरची सोनेरी नक्षी, एका गालासाठी निवडलेल्या चार छटा, विखुरलेल्या फुलांचा तोल, या कल्पनाच आहेत. त्या मागावर सुचल्या, कागदावर नाही, एवढ्याने त्यांचे मोल घटत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ही कला राजांच्या वैभवाची आणि विजयाची होती; ट्यूनिसची लूट आणि गोव्यातील जेत्याची मिरवणूक तिने साजरी केली; विणकर अनाम राहिले. हे तिन्ही आरोप खरे आहेत. ब्रसेल्सच्या १५२८च्या नियमाने शहराची आणि विणकराची खूण विणणे सक्तीचे केले, तरी ती खूण बहुधा कार्यशाळेच्या मालकाची असे. धर्मछळामुळे परागंदा होऊन डेल्फ्ट, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये हे कसब घेऊन गेलेल्या शेकडो विणकरांपैकी फार थोड्यांची नावे टिकली. पण यावर उपाय ही कला खालच्या पायरीवर बसवणे हा असू शकत नाही. तसे केल्याने राजाचे काही बिघडत नाही. पुसला जातो तो विणकरच. त्याच्या कामाला निर्णयाची प्रतिष्ठा देणे हाच त्या अनामिकतेवर इतिहासकाराच्या हाती असलेला इलाज आहे.

८. आधुनिक काळाचा पुरावा

अधिकार परत मिळाला की माध्यम पुन्हा जिवंत होते, हे गेल्या दीड शतकात दिसले. विल्यम मॉरिसने १८७९ मध्ये लंडनमधील घरी झोपण्याच्या खोलीत माग बसवला आणि जुन्या फ्रेंच पुस्तकावरून स्वतः विणायला शिकला. पहिल्या टॅपेस्ट्रीला त्याला ५१६ तास लागले. पुढे मर्टन ॲबी येथील त्याच्या कार्यशाळेत चित्रकार बर्न-जोन्सच्या आकृतींवरून विणताना छटा निवडण्याची बरीच मोकळीक विणकरांना दिली जाई.

जाँ ल्युर्साने फ्रान्समधील ओब्यूसाँमध्ये जाड वीण आणि मोजके रंग परत आणले. त्याची 'ल शाँ द्यू माँद' ही मालिका आता आँजेतच, 'अपोकॅलिप्स'च्या शहरात आहे. मात्र त्याचे आराखडे रंगाऐवजी क्रमांकांनी भरलेले असत. मागाची भाषा त्याने चित्रकाराला शिकवली, पण विणकराची मोकळीक परत दिली नाही. म्हणून त्याची सुधारणा अर्धी राहिली. पुढचे पाऊल स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शनांतून पडले. पोलंडच्या मागदालेना अबाकानोविच हिने आराखडा बाजूला ठेवून स्वतः विणले आणि 'अबाकान' नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या प्रचंड कृती भिंत सोडून मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. कल्पना करणारा आणि विणणारा हात येथे एक झाला, आणि त्या कृतींना 'नक्कल' म्हणण्याची वेळ कोणावर आली नाही. ओब्यूसाँच्या विणकामाची २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत नोंद झाली. ती नोंद कौशल्याची आहे, वस्तूंची नव्हे, ही बाब महत्त्वाची आहे.

निष्कर्ष

हिशेबाच्या वह्या टॅपेस्ट्रीचे स्थान सांगतात, वीण तिचे स्वतंत्र व्याकरण सांगते, ब्रसेल्सचा १४७६चा तोडगा विणकराचा अधिकार सांगतो आणि उद्रीनंतरची घसरण तो अधिकार गेल्याची किंमत सांगते. हे चार पुरावे एकत्र ठेवले की 'शोभेची कला' हे लेबल अपुरे ठरते. कोणत्याही टॅपेस्ट्रीपुढे विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ती चित्राच्या किती जवळ गेली, याऐवजी आराखडा आणि कापड यांच्यामधल्या अंतरात विणकराला किती निर्णय घेता आले, हे विचारावे. ज्या कृतींत ते अंतर रुंद होते, त्या युरोपच्या थोर कलाकृतींत गणल्या गेल्या पाहिजेत आणि कलेच्या इतिहासात त्यांचे प्रकरण चित्रकलेच्या बरोबरीने लिहिले गेले पाहिजे.